अकरा एमबीचा धडा

पहिल्या प्रोग्रामनं माझ्या वर्तुळावर
स्वतःचं नाव छापलं, करडं, तिरपं,
बाजारात मेंढीच्या पाठीवर मारतात तसा शिक्का.
पुसायचा तर पैसे भरा, म्हणाला, दरमहा.
दरमहा मी कोळसा भरते.

दुसरा फुकट, पण पाच मिनिटांचा सोबती.
केंद्रातून जीवेवर लंब टाकला,
तो जीवेला दुभागतो, एवढंच म्हणायचं राहिलं होतं
आणि खेळ खलास.
ती न दुभागलेली जीवा अजून पडून आहे लॅपटॉपमध्ये.
पुसवत नाही.

तिसरा भारीतला. बिश्केकच्या शाळा हाच वापरतात,
असं आमचा भौतिकशास्त्राचा जेनिशबेक म्हणाला,
आणि बिश्केकचं काही म्हणताना
तो नेहमी टाय सारखा करतो.
कोपऱ्यात माझा चेहरा, मागे धूसर पुस्तकं
(माझ्यामागे खरी पुस्तकं आहेत, ती त्यानं धूसर केली),
बाणाच्या टोकाला ठिणग्या.
लॅपटॉपचा पंखा असा घोंघावला
की धडा ऐकताना वाटावं, तोच शिकवतोय
आणि मी मधूनमधून हुंकार देतेय.
वर एका धड्याचे तीनशे एमबी.

तीनशे एमबी म्हणजे किती
ते मला तिलेकच्या आईनं समजावलं.
मे उजाडला की निम्मा वर्ग जनावरांमागे
वरच्या कुरणांवर जातो, परीक्षा जूनमध्ये.
तिथे एकाच टेकाडावर रेंज येते,
पोरं त्या टेकाडालाच टेलिफोन म्हणतात.
"एझे," ती म्हणाली, "तुमचा एक धडा उतरायला
दुपार जाते. दुपारभरात घोडी
तीनदा पिळावी लागते.
पोरगं टेकाडावर, घोडी खाली."
तक्रार नव्हती. नुसता हिशोब होता.

मग मीही हिशोबाला बसले.
रंग काढले. ठिणग्या काढल्या.
आवाज एकाच कानाचा ठेवला.
चौथा प्रोग्राम सापडला तो जुना, ओबडधोबड,
बटणं जुन्या रेडिओसारखी.
जेनिशबेक म्हणाला, हा माझ्या लग्नाच्या वेळचा.
टिकलाय ना, मी म्हटलं. (लग्नाचं त्यानं काही सांगितलं नाही.)

आणि चेहरा काढला.
ते लागलं, खोटं कशाला बोलू.
बत्तीस वर्षं मी चेहऱ्यानं शिकवलंय.
एक भुवई वर गेली
की शेवटच्या बाकावरचं चुकीचं उत्तर
उभं राहण्याआधीच खाली बसायचं.
आता पांढऱ्यावर काळं वर्तुळ,
एक बारीक बाण आणि मी कुठेच नाही.
अकरा एमबी.

रात्री शाळेत बसून रेकॉर्ड केलं,
शेगडी धुमसत होती, बाहेर कुत्रं होतं.
कुत्रंही आलं अकरा एमबीत. राहू दिलं.

चार दिवसांनी कनिकेयचा आवाज आला,
अर्धा वारा, अर्धी ती:
"एझे, तीन मिनिटं बारा सेकंदांना
तुमचा बाण थांबतो. जरासा थरथरतो.
तिथे तुम्ही आमच्याकडे बघता, हो ना?"

तिथे मी चहा उतू जातोय का ते बघत होते.

हे तिला कळवलेलं नाही.
मात्र तेव्हापासून दर धड्यात
एकदा बाण थांबवते, अवघड पायरीच्या अलीकडे,
आणि काळ्या पडलेल्या खिडकीत
एक भुवई वर करते.
त्याला एमबी लागत नाहीत.

काल तिलेकनं टेकाडावरून लिहिलं, एकच ओळ:
जीवा केंद्रातूनच गेली,
तर लंब कुठून टाकायचा?

प्रश्न दोन केबीचा.
मी कोळशाचे दोन तुकडे आणखी टाकले,
लाल बटण दाबलं,
आणि बराच वेळ
बाण केंद्रावर नुसता थांबला.